रोज तळजाई टेकडीवर फिरायला जाऊनही शुगर ८.२ का? शिवणकाम करणाऱ्या एका काकूंची केस

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात धनकवडी-सहकारनगर भागात काम करते. काकू माझ्याकडे आल्या त्या डायबेटिससाठी नाही तर खांद्यासाठी, डावा हात वर जात नव्हता, ब्लाऊजची मागची हुकं स्वतःची स्वतःला लावता येईनात. फ्रोजन शोल्डर. आणि फ्रोजन शोल्डर दिसला की मी आधी शुगरची फाईल मागते, कारण डायबेटिस असणाऱ्यांत हा त्रास बाकीच्यांपेक्षा बराच जास्त दिसतो. फाईल उघडली तर एचबीएवनसी ८.२. म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर १९० च्या आसपास.

मी विचारलं, व्यायाम काय करता? तर त्या जवळजवळ रागावल्याच. "अगं रोज सकाळी तळजाईला जाते मी, पाऊस असो थंडी असो, पाच वर्षं झाली, आमचा ग्रुपच आहे. आणि बघ ना माझ्याकडे, मी काय जाड आहे का? मग ही मेली शुगर उतरत का नाही?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि म्हणून ही केस सविस्तर लिहितेय (त्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत). कारण प्रामाणिकपणे रोज चालणारी आणि तरीही आकडा न हलणारी माणसं मी खूप बघते आणि त्यांना घरचे, शेजारचे, कधीकधी दवाखान्यातले पण सरळ म्हणतात की तुम्ही लपूनछपून गोड खात असणार. काकू खात नव्हत्या.

आधी माहिती. वय ५३, डायबेटिस ७ वर्षांपासून, आई आणि मोठा भाऊ दोघांना होता. उंची १५४ सेंमी, वजन ५५ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३.२. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या वर ओव्हरवेट धरतात, म्हणजे त्या अगदी काठावर, बघणाऱ्याला बारीकच वाटतील. पण कंबर ८७ सेंमी. बायकांसाठी मर्यादा ८०. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. गोळ्या मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. काम घरीच शिवणाचं, ब्लाऊज, फॉल-पिको, ड्रेस, सकाळी दहाला मशीनवर बसायचं ते रात्री साडेआठ-नऊपर्यंत, मध्ये जेवण आणि तासभर आडवं होणं.

बारीक माणसाला शुगर कशी याचं उत्तर खरं तर पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय, पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास १९९३ पासून सुरू केला, आणि भारतीय बाळ जन्मतःच वजनाने कमी पण त्यामानाने चरबी जास्त, स्नायू कमी असं असतं हे दाखवलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनमधल्या त्यांच्या एका सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, फोटो आला होता, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी हा फोटो पेशंटना मोबाईलवर दाखवते. काकूंनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, म्हणजे काटा खोटं बोलतो म्हण की.

काटा खोटं बोलत नाही, पण स्नायू किती आणि चरबी किती ते सांगत नाही. आणि डायबेटिसमध्ये स्नायूंचा हिशोब फार मोठा आहे. जेवल्यावर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून जी साखर उचलली जाते तिचा सगळ्यात मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो, स्नायू म्हणजे साखरेचं गोदाम समजा, गोदामच लहान आणि वर त्याचं शटर गंजलेलं, तर माल रस्त्यावरच पडून राहणार. आता व्यायामाची खरी गंमत इथे आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात, आणि यासाठी त्यांना इन्सुलिनच्या हुकमाची गरज लागत नाही. म्हणजे इन्सुलिन ज्याचं नीट काम करत नाहीये त्याच्यासाठी हा दुसरा दरवाजा उघडाच आहे. शिवाय व्यायाम संपल्यावरही इन्सुलिनचा परिणाम सुधारलेला राहतो, साधारण एक ते तीन दिवस, आणि म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका असं सांगतात.

मग काकूंचं चालणं कुठे कमी पडत होतं? तेच शोधायचं होतं. मी त्यांना आठवडाभर ग्लुकोमीटरवर जोडीने रीडिंग घ्यायला सांगितली, म्हणजे जेवायच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी, आज सकाळचं, उद्या दुपारचं, परवा रात्रीचं असं, म्हणजे बोटं पण फार टोचत नाहीत आणि चित्र कळतं. शिवणाच्या मापांच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी सगळं लिहून आणलं, छाती-कंबर-बाहीच्या मापांसारखंच नीट रकाने आखून. सकाळी उपाशीपोटी १३२, फिरून आल्यावर ११८. दुपारच्या जेवणानंतर २१०-२१५. रात्री जेवणाआधी १४०, नंतर २४८, एकदा २६०.

वही बघितल्यावर गोष्ट उघड होती. त्या चालायच्या तेव्हा जेव्हा साखर दिवसातली सगळ्यात कमी असते. जेव्हा ती डोंगरावर चढते तेव्हा काकू बसलेल्या. रात्री साडेनऊला जेवण, पोळी-भाजी, वरणभात, मग सिरियल बघत बघत सोफ्यावर, मग झोप. आणि ते सकाळचं चालणंसुद्धा, मी एक दिवस त्यांच्या ग्रुपबरोबर गेले होते, चाळीस मिनिटांत सव्वादोन-अडीच किलोमीटर, कुणाच्या सुनेचं काय आणि कुणाच्या फ्लॅटचं काय असं बोलत बोलत, मग खाली उतरून अमृततुल्यवर साखरेचा चहा आणि खारी. मला त्या ग्रुपबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाहीये, पाच वर्षं एकमेकींना घराबाहेर काढणं ही मोठी गोष्ट आहे, मन ताजं राहतं ते वेगळंच. पण शरीराला व्यायाम म्हणून पोचायला वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. त्यांच्यातल्या दोघी तर चढावर भजन म्हणत होत्या.

ताकदीचं बघितलं. हात न टेकता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ही साधी टेस्ट आहे, काकूंना दहा वेळा जमलं आणि दहाव्याला मांड्या थरथरत होत्या. ५३ व्या वर्षी हे कमी आहे. आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. आधी त्यांचं मशीन पायडलचं होतं, काही वर्षांपूर्वी मोटर बसवली. म्हणजे दिवसभर पोटऱ्या-घोटे हलायचे तेही थांबलं, नुसता पंजा मोटरवर ठेवून बसायचं. त्या लगेच म्हणाल्या, मग मोटर काढून टाकू का? मी म्हटलं नको हो काकू, ऑर्डरी कशा पूर्ण करणार, आपण दुसरं बघू.

सुरुवात करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि ईसीजी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रोटीन हे सगळं करून घेतलं. लोकांना वाटतं व्यायामाला कसली आलीये तपासणी, पण डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नवीन रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जड वजन श्वास रोखून उचलणं धोक्याचं आहे, आणि पायांची संवेदना गेली असेल तर टेकडीवर दगड टोचलेला कळतच नाही, फोड येऊन चिघळतो तेव्हा कळतं. मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेने टोचून, पाय तपासले, संवेदना ठीक होती. फक्त त्या चपलांवर टेकडी चढायच्या ते बंद केलं, बूट आणि सुती मोजे, आणि रात्री झोपताना तळपाय बघायचे.

मग प्लॅन. मी तीनच गोष्टी बदलल्या आणि त्याही एकदम नाही.

पहिली, जेवणानंतरचं चालणं. दुपारी आणि रात्री जेवून उठल्यावर दहा ते पंधरा मिनिटांत चपला घालायच्या आणि दहा मिनिटं चालायचं, सोसायटीच्या आवारात, पाऊस असेल तर पॅसेजमध्ये. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली यावर अभ्यास झालाय, टाइप-२ डायबेटिसच्या लोकांना एकदा दिवसात कधीही तीस मिनिटं चालायला सांगितलं आणि एकदा तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, एकूण वेळ तेवढीच, तर जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतर वाढणारी साखर सरासरी १२ टक्के कमी आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी निघाली. शतपावली आपल्याकडे आज्या सांगतच होत्या, पण ती घरातल्या घरात चार फेऱ्या मारून उरकायची नाही एवढंच. काकूंची पहिली अडचण एकदम खरी होती, रात्री दहाला बाई एकटी खाली फिरते हे शेजारी बघतात, कसंसंच वाटतं. मग जेवण सव्वाआठला आणलं. ते सोपं नव्हतं कारण घर ज्याच्या वेळेवर चालायचं तो मुलगा हिंजवडीहून नऊला यायचा. एक महिना घरात कुरबुर झाली, मग तो आपलं आपण वाढून घ्यायला लागला.

दुसरी गोष्ट बसणं तोडणं. दर अर्ध्या तासाने उठा असं सगळे सांगतात पण हातात कापड असताना कोण घड्याळ बघतं? मोबाईलचा अलार्म लावून बघितला, दोन दिवसांत त्यांनी बंद करून टाकला, ऐन शिलाईत वाजतो म्हणून. उपाय त्यांनीच सुचवला. बॉबिन. सलग शिवत असल्या की तीस-चाळीस मिनिटांत बॉबिन संपतेच आणि तेव्हा हात थांबतातच. तर नियम असा केला की बॉबिन संपली की उठायचं, भरलेल्या बॉबिनांचा डबा मुद्दाम आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवायचा, तिथपर्यंत जायचं, फळी धरून पंधरा-वीस वेळा टाचा उचलायच्या, आणि मग परत. दोन मिनिटं. मला हा उपाय इतका आवडला की आता मी प्रत्येक पेशंटच्या कामात असं आपोआप थांबणारं काय आहे ते शोधते.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. खुर्चीतून उठबस, भिंतीवर पुशअप, पाठीवर झोपून कंबर उचलणं, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढणं (खांदा सुटत गेला तसं हे वाढवलं), आणि दोन हातांत दोन भरलेल्या पिशव्या घेऊन घरभर चालणं. सुरुवातीला नुसतं शरीराचं वजन, मग छातीशी दोन किलो डाळीची पिशवी धरून उठबस, मग चार किलो. वाढवत नेणं हा यातला गाभा आहे. बरेच जण मला म्हणतात की आम्ही सूर्यनमस्कार घालतो किंवा घरची सगळी कामं करतो, तेच की व्यायाम. सूर्यनमस्कार जरूर घाला, कामंही करा, पण स्नायू वाढायचा असेल तर त्याच्यावरचा भार महिन्यागणिक थोडा थोडा वाढायला हवा आणि केर-फरशीचा भार वीस वर्षं तोच असतो. नुसतं चालणं किंवा नुसतं वजन यापेक्षा दोन्ही मिळून केलं तर एचबीएवनसी जास्त उतरतं असं मोठ्या अभ्यासांमध्ये दिसलंय.

सकाळची तळजाई चालूच ठेवली, फक्त मधली पंधरा मिनिटं जोरात. चहा बिनसाखरेचा, खारी बंद. म्हणजे हे स्पष्ट सांगते की जो बदल झाला तो सगळा व्यायामाचा नाही, रात्रीचं जेवण लवकर झालं, साखर थोडी कमी झाली, त्याचाही वाटा आहेच. एका माणसाच्या केसमध्ये हे वेगळं करता येत नाही.

आता यात दोन वेळा घोळ झाला. एकदा पर्वतीच्या पायऱ्या मैत्रिणींबरोबर पैजेवर भराभर चढून आल्या आणि घरी येऊन साखर बघितली तर १४८ ची १७६. फोनवर रडवेल्या, "व्यायामाने वाढली गं!" तर असं होतं, खूप जोराचा व्यायाम केला की ॲड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, तासा-दोन तासांत ती खाली येते. त्यांचीही आली, १३१. त्या एका रीडिंगवरून व्यायाम सोडणारे लोक मी बघितलेत म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. दुसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज अर्जंट होता, काकूंनी सकाळी गोळ्या घेतल्या, नाश्ता अर्धवट, अकराला ताकदीचे व्यायाम केले आणि जेवण लांबलं. दीडच्या सुमाराला हात थरथरायला लागले, दरदरून घाम, सुईत दोरा जाईना. त्यांना आधी वाटलं दमले असेन. नशिबाने मीटर जवळ होतं, ६२. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायल्या, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ९४, मग जेवल्या. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आणि व्यायामाने स्नायू साखर ओढत असतातच, दोन्ही एकत्र आलं की असं होतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा होत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी ग्लिमेपिराइड आधी अर्धी केली आणि पुढच्या रिपोर्टनंतर बंद केली. गोळी डॉक्टरांनीच कमी केली, काकूंनी किंवा मी नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. जे लोक इन्सुलिनवर किंवा अशा गोळ्यांवर आहेत त्यांनी व्यायामाआधी मीटर बघावं, ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खावं, आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवावीच.

जूनमध्ये पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या सुमारास सुरू केलं होतं. जुलैच्या पावसात टेकडी निसरडी होऊन ग्रुप बंद पडला तेव्हा घरातले व्यायाम उपयोगी आले. सप्टेंबरला एचबीएवनसी ७.४, ऐन गणपतीत, आणि मोदक खाऊन, दोन, जेवणाचा भात सोडून आणि नंतर चालून. डिसेंबरला ६.८. वजन कितीने उतरलं? दीड किलो फक्त. पण कंबर ८७ ची ८३, खुर्चीतून उठणं दहाचं सोळा, आणि रात्री जेवणानंतरची साखर १६०-१७० वर. मला हा भाग फार सांगावासा वाटतो, कारण वजन हलत नाही म्हणून निराश होऊन सोडणारे खूप असतात. बारीक बांध्याच्या माणसात वजन हा मुळात चुकीचा मीटर आहे, टेप घ्या.

मग आली लग्नसराई. जानेवारी-फेब्रुवारी रात्री बारापर्यंत मशीन, ताकदीचे व्यायाम बंद, रात्रीचं चालणं कधी तरी. मार्चला ७.१. त्या खूप खट्टू झाल्या. मी म्हटलं, दोन महिने एवढी धावपळ करूनही आकडा ८ वर गेला नाही, कारण बॉबिनचा नियम तुम्ही सोडला नव्हता. तो कामातच असल्यामुळे टिकला. आता सीझनसाठी वेगळा छोटा प्लॅन करून ठेवलाय, आठवड्यातून दोनच दिवस, बारा मिनिटं, चारच व्यायाम.

मुलाचंही सांगायला हवं. आई-मामा-आजी तिघांना डायबेटिस म्हणून सप्टेंबरमध्ये त्याचीही तपासणी करायला लावली. वय २६, एचबीएवनसी ५.९. म्हणजे ५.७ ते ६.४ या प्रीडायबेटिसच्या टप्प्यात. तो एकटा नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या पाहणीनुसार भारतात अंदाजे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटींना प्रीडायबेटिस आहे. आणि इथे व्यायामाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. अमेरिकेतल्या २००२ च्या डीपीपी (डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम) अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि ७ टक्के वजन कमी करण्याचं ध्येय एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात, २००६ मध्ये, घट २८.५ टक्के होती. आकडा लहान दिसतो, पण त्या अभ्यासातली माणसं आपल्यासारखी कमी वजनावरच साखर वाढणारी होती आणि तिथेही आहार-व्यायामाने मेटफॉर्मिनइतकंच काम केलं, त्याहून कणभर जास्तच.

मुलगा म्हणाला, मी शनिवार-रविवार जिम करतो की. चांगलं आहे, पण सोमवार ते शुक्रवार कॅबमध्ये दीड-दीड तास आणि वर नऊ तास खुर्ची, म्हणजे सलग पाच दिवस स्नायू झोपलेले. त्याला एक दिवस बुधवारी घरीच आईबरोबर डाळीच्या पिशव्या आणि रोज रात्री जेवल्यावर खाली चालणं एवढंच सांगितलंय. तो उशिरा जेवतो म्हणून काकू आता त्याच्यासोबत दुसऱ्यांदा खाली जातात, आणि शेजाऱ्यांचं काय हा प्रश्न आपोआप सुटला. त्याचा मार्चचा रिपोर्ट ५.६. काकूंचा जूनचा यायचाय, डोळ्यांची वर्षाची तपासणी पण त्याच महिन्यात आहे, आणि डाळीची पिशवी आता सहा किलोवर न्यायचीये.